नेमणूक झाली, आता विचारत किती बसू?

पत्र

अक्का, सलाम.

मी कर्नाटकात, सीमेवरच्या निपाणीजवळच्या एका गावातली. वय २५, खासगी शाळेत शिकवते. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, लहान आहे, पन्नासेक घरांचं. गेल्या नाताळानंतरच्या सभेत पाळकसाहेबांनी संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाची, लीडर म्हणून माझं नाव जाहीर केलं. टाळ्या झाल्या. पण पुढे काय करायचं, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या आहेत, आमच्याकडे ते पंधरा दिवसांतून एकदा येतात. इतकी वर्षं संडे स्कूल एक काकू चालवत आल्या आहेत. त्या प्रेमळ आहेत, पण त्यांनी माझ्याकडे काही सोपवलेलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसते, हजेरी घेते, गाणं सांगते.

मुलं पूर्वी तीसच्या आसपास होती, आता पंधरा-सोळा येतात. आठवी-नववीची तर येतच नाहीत. मला मे महिन्यात व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतलं मुलांचं बायबल शिबिर, घ्यायची होती, मोठ्या मुलांचा वेगळा वर्ग काढायचा होता. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत दोनदा बोलले, दोन्ही वेळा ‘बघू’ म्हणाले. आता बायका म्हणतात, नाव हिचं आणि काम काकूंचं. स्वतःहून काही सुरू केलं तर ‘लय शहाणी झाली’ म्हणतील. आई म्हणते, तुझं लग्न ठरलं की तू जाणार, कशाला लोकांच्या तोंडी लागतेस? शिवाय काही मुलं कन्नड शाळेतली आहेत, त्यांना बायबलमधलं मराठी वचन वाचता येत नाही. आणि मंडळीबाहेरच्या घरांतली दोन-तीन मुलं गाणी ऐकून येऊन बसतात, त्यांना बसू द्यावं का?

मी वाट पाहू की सुरुवात करू?

— तुमची धाकटी बहीण

उत्तर

प्रिय बहिणी, सलाम.

सुरुवात कर. सभेत तुझं नाव जाहीर झालं त्याच दिवशी वाट पाहण्याचे दिवस संपले. पण व्हीबीएस आणि मोठ्यांचा वर्ग हे तुझ्या यादीत वर असले तरी त्यांच्या आधीची बरीच कामं तुझ्या हाताशी पडून आहेत, आणि त्यांतल्या एकालाही कुणाची परवानगी लागत नाही.

आधी पंच कमिटीचं बोलू, कारण तुझ्या पत्रातला सगळा सल तिथलाच आहे. त्या बैठकीत काय काय येतं ते तू पाहिलंच असशील. छपराची गळती, पाळकांचा पगार, कब्रस्तानाचं कुंपण, वर्गणीची थकबाकी. अशात कुणी उठून ‘मोठ्या मुलांसाठी काहीतरी करायला हवं’ म्हणालं, की त्या माणसांच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. शिकवणार कोण? पैसे कुठून? अर्ध्यात सुटलं तर निस्तरायचं कुणी? तुझ्या बोलण्यात त्यांची उत्तरं नव्हती, म्हणून त्यांनी विषय पुढे ढकलला. याला मी नकार समजत नाही, तूही समजू नकोस. पुढच्या बैठकीला जाताना काम निम्मं उरकूनच जा आणि असं काहीसं बोल:

‘पाळकसाहेब, जूनच्या पहिल्या रविवारपासून सातवीच्या पुढच्या मुलांचा वर्ग भक्तीच्या आधी पाऊण तास, मागच्या खोलीत घ्यायचं ठरवलंय. शिकवायला मी आणि तरुण संघातला एक भाऊ. वर्षाचा खर्च ६०० रुपये धरलाय, त्यातले ३०० जमलेत. पहिल्या दिवशी तुम्ही प्रार्थना करून वर्ग सुरू करून द्यावा. कुणाला अडचण वाटली तर येत्या रविवारपर्यंत मला सांगावं.’

यात वडीलधाऱ्यांचा मान राहतो आणि ‘हे करू का?’ असा प्रश्नही उरत नाही. हेच चार वाक्यांत लिहून पाळकसाहेबांना व्हॉट्सॲपवर पाठव. तीन मंडळ्या सांभाळणाऱ्या माणसाला बैठकीतलं सगळं लक्षात राहत नाही. दुसऱ्या ठिकाणी कुणी त्यांना विचारलं तर उत्तर त्यांच्या हातात असावं. आणि स्पष्ट ‘नको’ आलं तर थांब. कारण विचार, ते दूर करून पुन्हा ये. मागच्या दाराने वर्ग सुरू करू नकोस. मंडळीत लपूनछपून केलेल्या चांगल्या कामानेही घरं दुभंगतात, आणि कोण कुणाशी बोलत नाही हे मुलांना आपल्या आधी कळतं.

आता खरं काम. हजेरी तू घेतेसच. तीस मुलांची सोळा झाली असं लिहिलंस, पण ती चौदा मुलं कोणती? वही उघड आणि त्यांची नावं एका पानावर उतरव. प्रत्येक नावापुढे आई-वडिलांचं नाव, शाळा, इयत्ता, शाळेचं माध्यम, घर कुठे ते लिही. शेवटचा रकाना रिकामा ठेव, तिथे मूल का येत नाही त्याचं कारण यायचंय. ते वर्गात बसून कळणार नाही. आठवड्याला दोन घरं गाठ. एकटी जाऊ नकोस, महिला मंडळातल्या एखादीला बरोबर घे. गेल्या गेल्या ‘येत का नाहीस?’ असं विचारायचं नाही. मूल खजील होतं आणि आई सबबी सांगायला लागते. ‘आठवण आली म्हणून आलो’ एवढं पुरतं, आणि ते खरंही असायला हवं.

तुमच्या भागात निम्म्या घरांत आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असेल. तिला हातचं काम ठेवायला लावू नका, शेजारी बसून बोला. तिथेच कळेल की थोरलीला रविवारी सकाळी पानं कातरायला आणि धाकट्याला सांभाळायला घरी थांबावं लागतं. दुसऱ्या घरी कळेल की मुलाची रविवारची ट्यूशन नेमकी नऊलाच असते. तिसरीकडे दोन भावांत जमिनीवरून वाद झालाय आणि एका भावाचं कुटुंबच चर्चला यायचं थांबलंय. आठवीतला मुलगा तर काहीच सांगणार नाही, नुसता हसेल. त्याचं कारण मी सांगते. मिसरूड फुटायला लागलेल्या मुलाला पहिलीच्या पोरांबरोबर हातवारे करून गाणं म्हणायची लाज वाटते. ही सगळी कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाच व्हीबीएसने ती सुटणार नाहीत. ट्यूशनवाल्यासाठी वेळ अर्धा तास बदलता येईल का ते पाहावं लागेल. विड्यांच्या घरातल्या थोरलीला ‘धाकट्यालाही घेऊन ये, आम्ही सांभाळतो’ असं सांगावं लागेल. भावांचं भांडण तुझ्या आवाक्यातलं नाही, ते पाळकसाहेबांच्या कानावर घाल आणि तू मुलापुरतं बघ.

अशा दोन महिन्यांच्या फेऱ्यांनंतर तुझ्याजवळ जे असेल ते मंडळीत दुसऱ्या कुणाजवळही नसेल. लीडरपण तिथूनच येतं. जिला प्रत्येक मुलाचं घर ठाऊक आहे, तिला बैठकीत कुणी थांबवत नाही.

संडे स्कूलची चळवळ उभी राहिली तीही अशीच. १७८०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात मुलं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यात राबायची आणि रविवारी रस्त्यावर हुंदडायची. रॉबर्ट रेक्स हा पाळक नव्हता, तो वर्तमानपत्र चालवायचा. थॉमस स्टॉक नावाच्या तिथल्या पाळकाला बरोबर घेऊन त्याने मुलांना रविवारी वाचायला शिकवणारे वर्ग सुरू केले आणि शिकवणाऱ्या बायकांना त्याचा मोबदला दिला. हातात स्वतःचं वर्तमानपत्र असूनही त्याने या कामाबद्दल छापलं ते १७८३ साली, वर्ग तीन वर्षं चालल्यावर. त्या टाचण्यांच्या कारखान्यातली मुलं आणि आपल्याकडची विड्यांच्या घरातली मुलं मला फार लांबची वाटत नाहीत. म्हणून सांगते, आधी काम चालू दे, फ्लेक्स मागाहून लागतील.

काकूंबद्दल तू थोडक्यात लिहिलंस, पण तुझं सगळ्यांत मोठं आणि नाजूक काम तिथेच आहे. त्यांच्या जागेवरून विचार कर. वीस-पंचवीस वर्षं कुणी न सांगता दर रविवारी त्या वर्ग उघडत आल्या. सभेत एका मुलीचं नाव घेतलं गेलं, आणि त्यांचे दोन शब्दांत आभारही कुणी मानले नसतील. त्या तुझ्याकडे काही सोपवत नाहीत त्यामागे हट्ट असेलच असं नाही. त्यांना कुणी अधिकृतपणे काही सांगितलेलंच नसेल. पाळकसाहेबांनी हे दोघींना समोर बसवून बोलायला हवं होतं, आणि ते झालं नाही. आता ते तुला करावं लागेल. त्यांच्या घरी जा, रविवारी नको, एखाद्या संध्याकाळी. त्यांची जुनी वही मागून घे. कोणतं मूल कुणाचं, कुणाच्या आईला त्यांनीच शिकवलंय, कोणत्या घरात काय झालं, हे त्यांना विचार आणि लिहून घे. आणि मग स्पष्ट बोल: ‘काकू, लहानांना गोष्ट तुम्हीच सांगायची. तुमच्यासारखी मला जमत नाही. मोठ्या मुलांचं मी बघते. वचन पाठ करून घेणं आपण वाटून घेऊ.’

हे मन राखायला म्हणून बोलू नकोस. जुन्या शिक्षिका पुस्तकात न बघता दावीद-गल्याथाची गोष्ट सांगतात तेव्हा चार वर्षांचं पोर तोंडातलं बोट काढून ऐकतं. नव्या मुली मोबाइलवर कार्टून लावून देतात, त्याला ती सर नाही. काकूंची गोष्ट हा तुझ्या शाळेचा ठेवा आहे. त्यांना बाजूला सारून तू जे उभं करशील ते लंगडं राहील. मात्र त्यांनी सगळ्यालाच नकार दिला, तर मोठ्यांचा वर्ग वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या वेळेला सुरू कर, लहानांच्या वर्गाला हात लावू नकोस. बायकांसमोर त्यांच्याविषयी एक शब्दही बोलू नकोस. ‘नाव हिचं, काम काकूंचं’ असं कुणी म्हणालं तर ‘हो, काम काकूंचंच आहे, मी त्यांच्या हाताखाली शिकतेय’ म्हण आणि पुढे चालू लाग.

पैशांचं. वर्गात दानाची पेटी फिरते तिचा हिशेब आजच्या आज वेगळ्या वहीत सुरू कर. दर रविवारी रक्कम दोघींनी मोजायची, दोघींनी सही करायची आणि महिन्याला तो आकडा चर्चच्या फळ्यावर लावायचा. बायबलमधला २ राजे, अध्याय १२ काढून वाच. मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसा येत होता, काम याजकांकडे होतं, आणि योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पडझड तशीच होती. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला छिद्र पाडलं आणि वेदीजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. पेटी भरली की दोन माणसांनी मोजायची आणि पैसे कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती द्यायचे, ते कारागिरांना देत. सातव्या वर्षी गादीवर बसलेल्या त्या राजाला धडे देणारा हाच यहोयादा होता, म्हणजे मुलांचा शिक्षकच. चाळीस रुपये असले तरी ते उघड मोजलेले असले, की पुढे चारशे मागताना तुझ्याकडे कुणी संशयाने बघणार नाही.

कन्नड शाळेतल्या मुलांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. घरात मराठी, शाळेत कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि चर्चमध्ये पुस्तकी मराठी, एवढं सगळं आपल्या भागातलं सात वर्षांचं मूल रोज पेलतं. त्याला देवनागरी वाचता आली नाही म्हणून चार मुलांसमोर ‘एवढंही येत नाही?’ म्हटलं, तर ते परत येणार नाही. उपाय सोपा आहे. पुठ्ठ्यावर मराठी वचन लिही आणि त्याच्याखाली तेच मराठी वचन कन्नड अक्षरांत लिही. मूल कन्नड अक्षरं वाचेल आणि मराठी बोलेल. कन्नड अक्षर चांगलं असलेली एखादी नववीची मुलगी हे काम आनंदाने करील, आणि त्या निमित्ताने ती वर्गातही येईल. ज्याला कन्नड पवित्र शास्त्रातूनच वचन पाठ करायचंय त्याला करू दे, टाळ्या सारख्याच वाजल्या पाहिजेत. हळूहळू वर्गाच्या शेवटी दहा मिनिटं देवनागरीला दे. एकदा अक्षरं आली की आज्जीच्या गीतपुस्तकातली गाणी त्याला स्वतः वाचता येतील.

एखादे वडील उठून म्हणतील, ‘आपली मंडळी मराठी आहे, इथे कन्नड कशाला?’ त्यांच्याशी वाद घालू नकोस. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा प्रश्न १९५६ पासून चालू आहे आणि त्यात त्यांच्या पिढीने पुष्कळ सोसलंय. त्यांना एवढंच सांग की मूल मराठीतच वचन म्हणतंय, फक्त वाचतंय वेगळ्या अक्षरांतून. त्या वादाचं ओझं रविवारी सकाळी मुलाच्या डोक्यावर ठेवायचं नाही, हे तू मनाशी पक्कं कर. आणि प्रार्थनेत मुलांचं व्याकरण सुधारू नकोस. ‘देवा, माझ्या आज्जीचा गुडघा बरा कर की’ असं कुणी म्हणालं तर ‘आमेन’ म्हणायचं.

मोठ्या मुलांच्या वर्गात भाषणं कमी कर. त्यांना काम दे. एकाने हजेरी मांडावी, एकीने लहानांना चित्र काढायला मदत करावी, एकाने ढोलकी धरावी. पाऊण तासातला निम्मा वेळ त्यांना प्रश्न विचारू दे. शाळेत काय होतं, मोबाइलवर काय बघतात, चर्चमधल्या भांडणांचं त्यांना काय वाटतं, हे ते बोलतील. तुला उत्तर येत नसेल तर पुढच्या रविवारी सांगते म्हण आणि खरंच सांग.

आता जे मी तुला सोडू देणार नाही, ते. मुलांची सुरक्षितता. लहान मंडळीत ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून याकडे दुर्लक्ष होतं. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं. कोणत्याही एका मोठ्या माणसाने एकट्या मुलाला गाडीवरून सोडायला नेऊ नये, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो. लहानांना शौचालयाकडे नेताना बाईने न्यावं आणि दुसरीला सांगून जावं. शिक्षकांनी मुलांना खासगी मेसेज करू नयेत, जे सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे तर आई-वडिलांना विचारून. आणि एखाद्या मुलाने काही सांगितलं, अंगाला कुणी हात लावल्याचं, मारहाणीचं, तर शांतपणे ऐकून घे. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मंडळीच्या चार माणसांत बसून मिटवून टाकणं हा मार्ग कायद्यात नाही आणि देवासमोरही नाही. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर मोठ्या आकड्यांत वर्गाच्या भिंतीवर लाव.

हे नियम एका कागदावर लिहून पुढच्या बैठकीत वाचून दाखव आणि सगळ्या शिक्षकांच्या सह्या घे. इथे मात्र कुणाच्या होकारासाठी थांबू नकोस. तुझ्या वर्गात ते पहिल्या रविवारपासूनच लागू असू देत.

व्हीबीएस जरूर घे, पण या वर्षी घाई नको, आणि मे महिन्याचा हट्ट सोड. तू शाळेत शिकवतेस, तुला सुट्ट्या माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आपल्याकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते, महाराष्ट्रात ती मेच्या आसपास. कोल्हापूर-गडहिंग्लजकडची मामे-मावस भावंडं मोकळी झाली, की आपली पोरं आजोळी पळतात आणि मेमध्ये तुझा मांडव रिकामा राहतो. पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर, उरकल्यानंतरचा एप्रिलचा आठवडा बघ. सण उशिरा आला तर दसऱ्याच्या सुट्टीत तीन दिवसांचं छोटं शिबिर घे, तेव्हाही आपली मुलं घरी असतात आणि पलीकडची शाळेत. पण त्याआधी दर रविवारचा वर्ग सलग सहा महिने वेळेवर उघडलेला असू दे. पाच दिवस टोप्या, टी-शर्ट, मिरवणूक, आणि सहाव्या दिवसापासून पुन्हा तीच सोळा मुलं, असं आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी होतं आणि मला त्याचं वाईट वाटतं.

नाताळाचंही एक बोलून घेते. नोव्हेंबर लागला की संडे स्कूलचा वर्ग बंद आणि नाच बसवणं चालू. दोन-दोन महिने मुलांना गोष्ट नाही, वचन नाही, नुसत्या स्टेप. कार्यक्रम व्हावा, घरच्यांना तो आनंद मिळायला हवा. पण सराव शनिवारी दुपारी ठेव आणि रविवारचा वर्ग रविवारी होऊ दे. आणि ज्या मुलाला स्टेजवर घाम फुटतो त्यालाही एखादी जागा दे, पडदा ओढायची का असेना.

तुझी आई लग्नाचं म्हणते ते खोटं नाही. आपल्याकडच्या मुली निपाणीतून कोल्हापूरला, मिरजेला, बेळगावला जातात आणि त्यांच्याबरोबर काम उठून जातं. म्हणून तर मी तुला वह्या लिहायला सांगतेय. तरुण संघातला जो कोणी तुझ्याबरोबर शिकवेल त्याला पहिल्या दिवसापासून बरोबरीने उभं कर. महिन्यातला एक रविवार त्याने एकट्याने वर्ग चालवायचा, तू मागे बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही. मुलांची वही, पैशांची वही आणि वर्षभराच्या धड्यांची यादी चर्चच्या कपाटात राहील असं बघ, तुझ्या पर्समध्ये नको. आईला सांग, मी आहे तोवर आहे, पण माझ्यावर अडणार नाही असं करून जाते.

राहिली शेजारची ती दोन-तीन मुलं. गाण्याला हरखून येतात, त्यांना हाकलू नकोस. पण त्यांच्या आई-वडिलांना माहीत नसताना एक रविवारही बसवून घेऊ नकोस. याच आठवड्यात त्यांच्या घरी जा आणि उघड सांग: ही चर्चची संडे स्कूल आहे, इथे येशूच्या गोष्टी सांगतात, प्रार्थना होते, अमुक ते अमुक वेळ. ‘तुम्हाला चालत असेल तरच पाठवा, कधीही येऊन बसून बघा.’ हो म्हणाले तर दोन ओळी लिहून सही घे, त्यांना जी भाषा वाचता येते त्या भाषेत, आणि फोन नंबर घे. नको म्हणाले तर मुलाला प्रेमाने समजावून घरी पाठव, आणि त्या घराशी आधीसारखंच वाग. त्या मुलांना वेगळा खाऊ, वह्या, कपडे असं काही देऊ नकोस. सगळ्यांना मिळेल तेच त्यांना. आपल्या भागात एवढ्याशा गोष्टीवरून गावात वातावरण तापायला वेळ लागत नाही, हे खरंच. पण तू त्या भीतीपोटी जाऊ नकोस. लेकरू कुठे जातंय हे आईला ठाऊक असणं हा तिचा हक्क आहे, म्हणून जा.

पहिल्या दोन घरांच्या फेरीनंतर वहीतल्या त्या शेवटच्या रकान्यात काय आलं, ते मला कळव.

तुझी,
अक्का